एकल बालक्रीडा

सोबती किंवा प्रतिस्पर्धी यांच्यावाचून मुलाने स्वतःच्या कल्पनेने व स्वतः ठरविलेल्या गतीने खेळलेल्या खेळास एकल बालक्रीडा म्हणतात. भोवरा फिरविणे, मातीची चूल मांडून एकट्यानेच भातुकली खेळणे, काडेपेट्यांची आगगाडी करणे, कागदाची होडी करून पन्हळीच्या पाण्यात सोडणे, सागरगोटे झेलणे ही तिची परिचित उदाहरणे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः सहा ते दहा वर्षे वयाच्या, म्हणजे प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलांच्या एकल खेळाचा महाराष्ट्रातील इतिहास दिला असून मुंबईच्या पूर्व उपनगरांतील मानखुर्द व त्याचा परिसर हे त्याचे नागरी उदाहरण म्हणून घेतले आहे. दूरचित्रवाणी, संगणक व भ्रमणध्वनी यांच्या पडद्यांवरील करमणुकीने एकल खेळाची जागा मोठ्या प्रमाणात घेतल्यामुळे या विषयास एकविसाव्या शतकात विशेष महत्त्व आले आहे.

स्वरूप : एकल खेळ व एकाकीपणा या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकन अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये शिशुशाळेतील मुलांच्या खेळाचे जे वर्गीकरण केले, त्यात एकट्याने खेळणे, शेजारी बसून पण स्वतंत्रपणे खेळणे, मिळूनमिसळून खेळणे व सहकार्याने खेळणे अशा चढत्या पायऱ्या मानल्या होत्या. त्यावरून एकट्याने खेळणारे मूल अविकसित असते, असा समज काही काळ रूढ झाला. १९७० नंतरच्या दशकातील निरीक्षणांनी तो दूर केला. बांधणी, चित्रे, कोडी यांत गढून गेलेले मूल एकटे असले, तरी त्याचा खेळ प्रगत व हेतुपूर्ण असू शकतो, हे या निरीक्षणांतून दिसून आले. ब्रिटिश बालरोगतज्ञ व मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट (१८९६–१९७१) यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकटे राहण्याची क्षमता मुलामध्ये आईच्या सान्निध्यातच निर्माण होते, असे प्रतिपादन केले. आई स्वयंपाकघरात आहे व मूल ओसरीवर आपल्या नादात आहे, हे घरोघरचे दृश्य त्यांच्या सिद्धांताचे सोपे उदाहरण ठरेल. एकल खेळास मूल सुरक्षित असल्याची जाणीव लागते; मात्र प्रौढाची ढवळाढवळ त्यात चालत नाही.

एकल खेळासाठी मुख्यतः तीन गोष्टी आवश्यक असतात : कोणी उठविणार नाही असा कोपरा, मोडले तरी कोणी रागावणार नाही अशी साधने व कोणाला हिशेब द्यावा लागणार नाही असा वेळ. या तिन्ही गोष्टी एकेकाळी फारसे प्रयत्न न करता मिळत असत. त्या क्रमाक्रमाने कशा दुर्मिळ झाल्या आणि त्या परत मिळवून देण्याचे कोणते प्रयत्न झाले, हाच एकल खेळाच्या इतिहासाचा गाभा होय.

प्राचीन संदर्भ : सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर भाजलेल्या मातीच्या गाड्या, शिट्ट्या, प्राणी व गोट्या विपुल सापडल्या आहेत. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेला बैलजोडीचा रथ व चाकांवरील प्राणी दिसण्यात खेळण्यांसारखे असले, तरी ते ब्राँझचे असून त्यांचे एकत्रित वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे. त्यामुळे त्यांना मुलांची खेळणी म्हणता येत नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकाचे नावच मातीच्या खेळण्यातील गाडीवरून आलेले आहे. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर चारुदत्ताचा मुलगा रोहसेन आपल्या मातीच्या गाडीला नको म्हणून रडू लागतो आणि वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत घालते. खेळण्याचे मोल मुलाच्या कल्पनेऐवजी शेजाऱ्याच्या ऐपतीवरून ठरू लागले म्हणजे काय होते, याचे हे भारतीय साहित्यातील जुने चित्रण होय.

एकल खेळाचा लेखी पुरावा मात्र तुटपुंजा आहे. सांघिक खेळाला नाव, नियम, हारजीत व प्रेक्षक असतात. म्हणून त्याची नोंद होते. मराठी संतकवींनी हमामा, हुतूतू, फुगडी इ. खेळांवर रूपके रचली, ती बहुतांशी अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांवर आहेत. अंगणाच्या कडेला बसून मुंग्यांच्या रांगेला काडीने वाट करून देणाऱ्या मुलाच्या खेळाला नावच नसते. यामुळे एकल खेळाचा इतिहास वस्तू, सण व घरांची रचना यांवरूनच बव्हंशी लिहावा लागतो.

महाराष्ट्रातील पारंपरिक प्रकार : महाराष्ट्रातील एकल खेळ हे ऋतू, सण व परिसरातील वस्तू यांच्याशी निगडित होते. उन्हाळ्यात आंब्याची कोय दगडावर घासून तिची पुंगी करीत. पपईच्या पोकळ देठाची पिपाणी व माडाच्या पातीचे भिरभिरे कोकणात सर्वत्र आढळे. पावसाळ्यात कागदाच्या होड्या येत. साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी असे तिचे प्रकार एक मूल दुसऱ्याकडून पाहून शिके. पोळ्याला मातीचे बैल करीत. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा भरतो व त्यात चाके लावलेले लाकडी बैल मिरविले जातात. दिवाळीत दगडमातीचा किल्ला बांधून त्यावर अळीव किंवा मोहरी पेरण्याची व मातीचे मावळे मांडण्याची प्रथा पश्चिम महाराष्ट्र व मुंबई येथे अद्याप टिकून आहे. किल्ला पुष्कळदा भावंडे मिळून बांधतात. परंतु तो बांधून झाल्यावर मावळे हलवीत, लढाया रचीत तासन् तास त्याच्यापुढे बसणारे मूल बहुधा एकटेच असते.

सणांशी संबंध नसलेल्या खेळांत भोवऱ्याचे स्थान मोठे होते. लाकडी भोवऱ्याच्या टोकाला लोखंडी आर असून त्याभोवती जाळी (दोरी) गुंडाळून तो फेकतात. रिंगणात खेळताना दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आर मारावयाची असते; पण त्यासाठी लागणारे कौशल्य मूल एकट्यानेच मिळविते. फिरता भोवरा दोरीने उचलून तळहातावर घेण्याच्या क्रियेस हातजाळी म्हणतात. ती साधण्यासाठी किती वेळा चुकावे लागते, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही, हेच या खेळाचे शैक्षणिक वैशिष्ट्य होय. मोठ्या गुंडीच्या दोन छिद्रांतून दोरा ओवून दोन्ही हातांनी ताणल्यावर गरगरणारी भिंगरी, काठीने पळविलेले सायकलचे टायर, भिंतीवर आपटून झेललेला चेंडू हे याच जातीचे खेळ होत. मुलींच्या खेळांत सागरगोटे व गजगे झेलणे, ठिपक्यांच्या रांगोळ्या, कापडाच्या बाहुल्या आणि भातुकली हे प्रमुख होत. भातुकलीत कुंभाराकडील बोळकी, चिंचोके, पाने व माती एवढ्यावर अख्खा संसार उभा राही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथे पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, लाखेने रंगविलेली फळे, भोवरे व स्वयंपाकाची भांडी तयार होतात. तेथील चितारआळी यासाठी प्रसिद्ध आहे [→ खेळणी]. तथापि पारंपरिक समाजात विकत घेतलेले खेळणे हा अपवाद होता. बहुतेक साधने फुकट मिळत आणि मोडल्यास त्यांचे दुःख नसे.

या काळाचे चित्र केवळ रम्य करणे योग्य होणार नाही. मुलींच्या खेळावर धाकट्या भावंडाला सांभाळण्याची जबाबदारी असे. गुरे राखणाऱ्या मुलाचा एकल खेळ हा कामाच्या मधल्या फटीत खेळला जाई. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांना गावच्या सर्व जागा मोकळ्या नव्हत्या. मोकळा वेळ व निर्धोक जागा यांची वाटणी तेव्हाही विषमच होती.

शैक्षणिक विचार : मुलाच्या स्वयंप्रेरित खेळाला शिक्षणात स्थान देण्याचा आधुनिक विचार यूरोपात वाढला. मुलांनी आपली खेळणी शक्यतो स्वतःच करावीत, असे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक (१६३२–१७०४) यांनी १६९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक ग्रंथात सुचविले. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रेबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ख येथे काढलेल्या संस्थेतून बालोद्यान पद्धतीचा उगम झाला. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन व वृत्तचिती यांचे त्यांनी तयार केलेले संच मुलाच्या हाताला काम देण्यासाठी होते [→ किंडरगार्टन].

इटालियन डॉक्टर मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या पहिल्या बालगृहाची हकीकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत एका गृहनिर्माण कंपनीने इमारतींची दुरुस्ती करून त्यांत कुटुंबे वसविली होती. आईबाप कामाला गेल्यावर मागे राहिलेली मुले जिने व भिंती खराब करीत. या नुकसानीवर उपाय म्हणून इमारतीतीलच एक खोली मुलांसाठी देण्यात आली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे बालगृह सुरू झाले. तेथे सु. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या खाचांत बसविण्याची क्रिया चाळीसहून अधिक वेळा, भोवतालच्या गोंगाटाकडे लक्ष न देता करीत राहिल्याचे माँटेसरी यांनी पाहिले. मुलाची एकाग्रता ही शिक्षकाने लादावयाची बाब नसून योग्य साधन व मोकळीक मिळाल्यास ती आपोआप प्रकट होते, हा त्यांचा निष्कर्ष अशा निरीक्षणांवर आधारलेला आहे. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या व युद्धकाळात येथेच राहिल्या.

त्यापूर्वीच गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले व पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी पद्धतीची महाग साधने आदिवासी पाड्यावर निरुपयोगी होती. म्हणून ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी शंख, शिंपले, बिया, खडे, पाने, फुले व माती यांपासून साधने सिद्ध केली आणि मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यावी, या विचाराने अंगणवाडी व कुरणशाळा हे प्रयोग केले. परंपरेतील फुकटची साधने त्यांनी शास्त्रीय दृष्टीने शिक्षणात परत आणली, असे म्हणता येईल [→ बालशिक्षण].

मराठी नियतकालिकांनीही एकट्या मुलाला सोबत दिली. वा. गो. आपटे यांचे आनंद (१९०६) आणि पाठ्यपुस्तक मंडळाचे किशोर (१९७१) यांसारख्या मासिकांमुळे वाचन हा घरबसल्या करता येणारा खेळ अनेक कुटुंबांत पोहोचला.

या सर्व प्रयत्नांचा भर सहा वर्षांखालील मुलांवर राहिला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्याही याच वयोगटासाठी आहेत. मूल पहिलीत गेले की खेळाची सोय संपते, असाच व्यवहार पुष्कळ ठिकाणी दिसतो. प्राथमिक शाळेच्या वयातील मूल घरात एकटे राहू शकेल इतके मोठे, परंतु स्वतःची करमणूक विकत घेऊ शकणार नाही इतके लहान असते.

मानखुर्द परिसर : महानगरात एकल खेळाच्या कोपऱ्याचे, साधनांचे व वेळेचे काय झाले, हे मानखुर्दच्या उदाहरणावरून समजते. ठाण्याच्या खाडीजवळ, तुर्भे (ट्रॉम्बे) परिसराला लागून असलेले हे मूळचे लहान गाव. नावातील खुर्द या शब्दाचा अर्थही लहान असाच आहे. खाजण, खारफुटी व मिठागरे यांनी वेढलेल्या या भागाकडे शहराने आपल्याला नको असलेल्या गोष्टी सरकविल्या. जवळच्या देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात जनता कॉलनी ही वस्ती उठवून तेथील रहिवाशांना चीता कॅम्प येथे हलविण्यात आले. १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून मानखुर्दहून वाशीला पोहोचली. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी लोहमार्गालगतच्या झोपड्या हटविल्यानंतर विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांना २००० नंतरच्या दशकात मानखुर्दमधील लल्लूभाई कंपाउंड व आसपासच्या वसाहतींत घरे मिळाली. मुंबई मानव विकास अहवाल, २००९ मध्ये मानखुर्द ज्यात येते, त्या एम-पूर्व विभागाचा निर्देशांक शहरातील सर्व विभागांत नीचतम होता. देवनार येथेच आवार असलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ मध्ये या विभागासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला.

या वसाहतींतील पुनर्वसनाच्या घराचे क्षेत्रफळ २२५ चौ. फूट (सु. २१ चौ. मी.) ठेवले गेले. झोपडीच्या तुलनेत ते पक्के, पाणी व संडास असलेले घर असून त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. मुलाच्या खेळाच्या दृष्टीने मात्र खोलीच्या आकारापेक्षा उंबरठ्याबाहेरची जागा निर्णायक ठरते. मुंबईतील बीडीडी चाळींमधील खोली १६० चौ. फुटांचीच होती, पण दारापुढे सामाईक जागा होती आणि दार उघडे ठेवून आई आत व मूल बाहेर, असा व्यवहार शक्य होता. झोपडवस्तीतही दारापुढील ओटा किंवा बोळ हे मुलाचे अंगण असते. पुनर्वसन वसाहतींतील अनेक इमारती एकमेकींपासून अवघ्या ३ मी. अंतरावर उभ्या असून खालच्या मजल्यांवर प्रकाश व वारा अपुरा पोहोचतो. या वसाहतींतील क्षयरोगाचा व घरांच्या रचनेचा संबंध दाखविणारे एक सर्वेक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या फटीतून ऊन येत नाही, तेथे मूलही खेळू शकत नाही. बोळ अंधारा, खालची मोकळी जागा वाहने व कचरा यांनी व्यापलेली आणि आईबाप कामावर, अशा स्थितीत मुलाला दार लावून घरात बसण्याची ताकीद मिळते. शाळा दोन सत्रांत भरत असल्यास अर्धा दिवस शाळेबाहेर जातो. म्हणजे वेळ भरपूर असतो. परंतु कोपरा व साधने यांचा अभाव असतो.

मानखुर्दमध्ये याच्या उलट स्थितीतील मुलेही आहेत. १९२४ च्या मुंबई बाल अधिनियमानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटी या संस्थेचे बालगृह-संकुल येथे आहे. निराधार व संरक्षणाची गरज असलेली मुले कोणत्याही बालगृहात येतात, तेव्हा त्यांना निवारा, शिक्षण व सोबत मिळते. परंतु झोपणे, जेवणे, खेळणे सर्व समूहानेच होते. बाल न्याय अधिनियमाखालील २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहातील मनोरंजनासाठी खेळ, संगीत, दूरचित्रवाणी, बागकाम, ग्रंथालय इ. सोयींचा उल्लेख आहे. यांपैकी बाग व ग्रंथालय एवढ्या दोनच ठिकाणी मूल स्वतःपुरते रमू शकते. घरात कोंडलेल्या मुलाला सोबत हवी असते, तर बालगृहातील मुलाला थोडा एकांत व स्वतःची म्हणता येईल अशी एखादी पेटी हवी असते. दोघांचीही गरज एकाच क्षमतेशी, म्हणजे स्वतःशी रमण्याच्या क्षमतेशी संबंधित आहे. बालमार्गदर्शन केंद्रांत मुलाचा एकट्याचा खेळ पाहणे हे त्याच्या मनःस्थितीच्या निदानाचे एक साधन मानले जाते, त्याचेही कारण हेच. जे दुःख मूल शब्दांत सांगू शकत नाही, ते बाहुलीच्या किंवा मोटारीच्या खेळात प्रकट होते.

पडद्याचा प्रवेश : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळात मुलांसाठी किलबिल यांसारखे ठरावीक वेळेचे कार्यक्रम असत आणि ते संपल्यावर मूल पुन्हा खेळाकडे वळे. एका दूरचित्रवाणी संचापुढे अनेक घरांतील मुले जमत. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व १९९० नंतरच्या दशकात केबल वाहिन्या आल्यावर कार्यक्रमाला शेवट उरला नाही. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाल्याने पडदा मुलाच्या हातात आला. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे शाळा बंद झाल्या. मुंबईतील प्राथमिक वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत प्रत्यक्ष भरले नाहीत. या काळात भ्रमणध्वनी हीच शाळा ठरल्यामुळे, तो मुलाच्या हाती देऊ नये असे सांगणाऱ्या पालकांनाच तो द्यावा लागला.

भारतीय बालरोगतज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षे वयोगटासाठी दिवसाला कमाल एक तास व पाच ते दहा वर्षे वयोगटासाठी दोन तासांहून कमी अशी मर्यादा असावी. मर्यादा सांगणे सोपे असले, तरी उरलेल्या वेळाचे मुलाने काय करावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. लहान घरात पडदा हा मुलाला स्थिर, शांत व नजरेसमोर ठेवणारा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. म्हणून केवळ मनाई पुरेशी होत नाही, तर त्या जागी दुसरे काही द्यावे लागते. पडदा व खेळ यांतील मुख्य भेद असा, की पडद्यावरील घटना मूल नसतानाही पुढे सरकत राहते. खेळातील घटना मुलाने हात हलविल्याशिवाय घडत नाही.

साधने व उपक्रम : ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या भागांचा सिद्धांत मांडला. परिसरात हलविता, जोडता व बदलता येणाऱ्या वस्तू जितक्या अधिक, तितकी मुलाची निर्मितिक्षमता अधिक, असे त्याचे सार आहे. महाराष्ट्रात या दिशेने मोठे काम अरविंद गुप्ता यांनी केले. काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, वर्तमानपत्रे, बाटल्या, स्ट्रॉ इ. टाकाऊ वस्तूंपासून त्यांनी असंख्य खेळणी तयार केली व पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांचा प्रसार केला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्यातील पालकनीती परिवाराचे खेळघर हा वस्तीतील मुलांसाठीचा उपक्रम १९९० नंतरच्या दशकात सुरू झाला. राष्ट्रीय पातळीवर २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी जादुई पिटारा हा खेळसाहित्याचा संच सादर झाला.

एका खोलीच्या घरात, प्रौढांच्या मदतीवाचून व जवळजवळ खर्चाविना करता येण्यासारखे प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील. (१) बांधणी : रिकाम्या काडेपेट्या, औषधांचे खोके, बाटल्यांची झाकणे व दोरा यांपासून पूल, इमारत किंवा रेल्वेस्थानक उभारणे. ही साधने एका पेटीत ठेवून पेटीवर मुलाचा एकट्याचा हक्क मान्य करणे महत्त्वाचे असते. (२) प्रकाशाचे खेळ : भिंतीवर हातांच्या सावल्या पाडणे, आरशाच्या, कडा घासून बोथट केलेल्या तीन पट्ट्या व बांगड्यांचे तुकडे यांचे शोभादर्शक करणे. शोभादर्शकाच्या जुळणीपुरती मोठ्या माणसाची मदत घ्यावी. (३) पेरणी : फुटक्या डब्यात मेथी, मोहरी किंवा अळीव पेरून रोजची वाढ कागदाच्या पट्टीवर नोंदविणे. (४) निरीक्षण : खिडकीतून दिसणाऱ्या गाड्या, पक्षी, पाऊस यांची वही ठेवणे, आपल्या मजल्याचा नकाशा काढणे. मानखुर्दलगतच्या ठाणे खाडीत हिवाळा व उन्हाळा या काळात रोहित पक्ष्यांचे थवे येतात आणि त्यांतील काही खाडीपुलावरून जाताना दिसतात. या खाडीतील क्षेत्रास २०१५ मध्ये अभयारण्याचा व २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. (५) अभिनय : भातुकली, जुन्या मोज्याच्या बाहुल्या, चिंध्यांचे कपडे. यांत मूल एकटेच अनेक भूमिका करते. (६) कोडी : सात तुकड्यांचे चिनी कोडे, कागदाच्या घड्यांची चित्रे, पत्त्यांचे एकट्याने लावावयाचे डाव व भारतात ब्रेनव्हिटा या नावाने परिचित असलेला गोट्यांचा डाव. या डावाच्या ३३ खळग्यांच्या फळीवर मधला खळगा रिकामा ठेवून ३२ गोट्या मांडतात व एकीवरून दुसरी उडवीत शेवटी एकच उरवितात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रान्समध्ये प्रचलित होता. जर्मन तत्त्वज्ञ व गणितज्ञ लायप्निट्स (१६४६–१७१६) यांनी १७१० मध्ये त्याचा उल्लेख केला असून डाव उलट्या क्रमाने खेळून रिकामी फळी भरत नेण्यात आपणास अधिक गोडी वाटते, असे म्हटले आहे. गोट्या न मिळाल्यास खडे व जमिनीवर खडूने काढलेली वर्तुळे यांवरही तो उत्तम खेळता येतो.

अशा याद्यांचा उपयोग सुरुवातीपुरता असतो. प्रौढाने खेळ सुचविला, समजावला, तपासला व त्याची वाहवा केली, तर तो एकल खेळ न राहता गृहपाठ होतो. मूल प्रारंभी कंटाळते, घुटमळते, पडद्याची मागणी करते. हा कंटाळ्याचा काळ ओलांडल्यावरच पुष्कळदा स्वतंत्र खेळ सुरू होतो. म्हणून पालकाने साधने हाताशी ठेवावीत, जवळपास असावे व विचारल्याशिवाय बोलू नये, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. कामावर गेलेल्या पालकाला हे जवळ असणे शक्य नसते, ही या उपायाची मर्यादा होय. ती भरून काढण्यासाठी शेजारीण, वस्तीतील वाचनालय किंवा शाळेच्या आवारातील सत्रानंतर उघडी राहणारी खोली यांची गरज भासते.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) ३१ व्या कलमाने विश्रांती, फुरसत व खेळ हा मुलाचा हक्क मानला असून भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली. या हक्काचा अर्थ सामान्यतः क्रीडांगण असा घेतला जातो. क्रीडांगणे आवश्यकच आहेत. परंतु मानखुर्दसारख्या वस्तीतील अनुभव असे दर्शवितो, की घरातील, बोळातील व जिन्याच्या वळणावरील प्रकाशमान कोपरा हाही या हक्काचाच भाग आहे. घरांच्या आराखड्यात संडास, स्वयंपाकाचा ओटा व पाण्याची टाकी यांच्यासाठी मापे ठरलेली असतात. मुलाने पसारा मांडण्याच्या जागेसाठी कोणतेही माप ठरलेले नाही. सान लोरेंझोमधील इमारतीत १९०७ मध्ये मुलांसाठी एक खोली देण्यात आली, ती भिंती खराब होऊ नयेत म्हणून. त्या खोलीतून निर्माण झालेली शिक्षणपद्धती पुढे जगभर पसरली.